आरवड

फेलोशिप मिळालेल्या प्राध्यापकानं सगळ्यात आधी काय करावं, यावर आमच्या कॉलेजात तीन मतं होती. प्राचार्यांचं मत, सत्कार घ्यावा. स्टाफरूमचं मत, भजी द्यावीत. आणि ज्यांना ती मिळाली होती त्या आमच्या सरांचं मत, माणसानं दार लावून घ्यावं आणि आपण अर्जात काय काय ठोकून दिलंय ते एकदा शांतपणे वाचावं.

"मिळेपर्यंत कोण वाचतो, बाई?" ते मला म्हणाले. "आता मात्र त्यातलं करून दाखवायला लागणार."

बाई म्हणजे मी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी मराठीची तात्पुरती लेक्चरर होते. तात्पुरती म्हणजे दर जूनला नवी आणि दर एप्रिलला जुनी. सर विभागप्रमुख होते आणि विभागात आम्ही दोघंच, त्यामुळे ते फक्त माझेच प्रमुख होते. उंच, जरा वाकलेले, पायात कॅनव्हासचे बूट आणि पँटच्या खालच्या दुमडी बाराही महिने ओल्या. कारण सर तासाला यायचे ते घरून नव्हे, भाट्याच्या खाडीवरून.

खाडी हेच त्यांचं घड्याळ. मनगटावर एक होतं, पण ते लग्नात मिळालं होतं म्हणून. वेळापत्रकात मंगळवारी अकराचा तास असला तरी अकराला ओहोटी असेल तर सर पाण्यात असायचे आणि मुलं झाडाखाली. मग तास व्हायचा दुपारी, भरती आल्यावर. मुलांनी त्यावर तोड काढली होती. ती कॉलेजच्या फलकाऐवजी घरचं पंचांग बघून यायची. आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना आज अष्टमी की नवमी हे जितकं अचूक ठाऊक असे तितकं वृत्त-अलंकारांतलं काही ठाऊक नसे, आणि सरांना त्याचं अजिबात दुःख नव्हतं.

माणसंसुद्धा ते पाण्यावरून ओळखत. अमावास्या-पौर्णिमेला खाडी काठ सोडून वर चढते ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास धड वर नाही, धड खाली नाही अशी रेंगाळते तो भांग. प्राचार्य भांगाचे. इंग्रजीच्या मॅडम उधाणाच्या. माझ्यासाठी मात्र त्यांच्याकडे पाणीच नव्हतं. "तुम्ही लांज्याच्या," ते म्हणायचे. "तुमच्याकडे पाणी विहिरीत. ते वर्षातून एकदा वर येतं आणि एकदा खाली जातं. त्याला काय नाव देणार?" लांज्याला समुद्र नाही हा जणू माझा वैयक्तिक हलगर्जीपणा होता.

पण त्यांचा कान! तो कान मी दुसऱ्या कुणाला पाहिला नाही. माणसाची दोन वाक्यं ऐकली की ते गाव सांगायचे. तालुका नव्हे, गाव. एकदा एसटी स्टँडवर एका म्हाताऱ्याचं आणि कंडक्टरचं मासळीच्या टोपलीवरून कडाक्याचं भांडण चाललं होतं. टोपली आत घ्यायची की टपावर टाकायची. माणसं जमली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सर गर्दीत घुसले, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हेदवीचे का तुम्ही?"

म्हातारा शिवी अर्धी सोडून म्हणाला, "व्हय. तुमी कोनाचं?"

"ते राहू दे. तुमच्याकडे खडकातून पाणी उसळून वर येतं ना, त्याला घरातल्या बायका काय म्हणतात?"

पुढची दहा मिनिटं सर, म्हातारा आणि शेवटी कंडक्टरसुद्धा फुटबोर्डावर बसून बोलत होते. टोपली गुपचूप आत गेली. गाडी उशिरा सुटली म्हणून डेपोत लेखी तक्रार झाली, ती कंडक्टरनं सरांच्या नावावर ढकलली, आणि सरांनी उत्तरात तो शब्द, त्याचा अर्थ आणि म्हाताऱ्याचं नाव कळवलं.

अशा शब्दांचा एक कोश करायचा, हे त्यांचं स्वप्न होतं. भरती-ओहोटीचे शब्द, मच्छीमारांच्या, कालवं काढणाऱ्या बायकांच्या तोंडचे. त्यासाठी वर्षभर तास नकोत, म्हणून फेलोशिप हवी. मुंबईतल्या एका मंडळाकडे ते सात वर्षं अर्ज करत होते आणि मंडळ सात वर्षं खेद व्यक्त करत होतं. खेदाची सगळी पत्रं त्यांनी विभागाच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली होती. दार उघडलं की आधी खेद दिसायचा, मग शब्दकोश.

नकाराचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं. सरांचं अक्षर. ते अक्षर नव्हतंच, ती ओहोटीनंतरची ओल्या वाळूची पुळण होती. कुर्ल्या चालून गेल्यासारखी. मी म्हटलं, "सर, यंदा अर्ज टाइप करून पाठवू." मला टायपिंग येत होतं. एम.ए.नं पोट भरेल यावर माझ्या वडिलांचा विश्वास नसल्यामुळे त्यांनी मला लांज्याच्या टायपिंग क्लासात घातलं होतं. कॉलेजच्या ऑफिसात मराठी टाइपरायटर होता. तीन दुपारी बसून मी दहा पानं टाइप केली. शेवटच्या पानावर नमुन्याचे वीस शब्द, प्रत्येकापुढे अर्थ आणि कंसात गाव. कारण सरांच्या मते गाव नसलेला शब्द म्हणजे बेवारस शब्द.

"एकदा वाचून घ्या, सर," मी म्हटलं.

"आपलंच लिहिलेलं परत वाचायचं म्हणजे उष्टं खाणं," म्हणाले आणि सही ठोकली.

आणि फेलोशिप मिळाली! पत्र स्टाफरूममध्येच फोडलं गेलं. सर मोठ्यानं वाचत होते. मंडळाला प्रकल्प अतिशय मोलाचा वाटला... एक वर्षासाठी... "विशेषतः 'आरवड' या शब्दाने तज्ज्ञ समिती भारावून गेली. ओहोटी सरल्यावर आणि भरती लागण्याआधी पाणी क्षणभर स्तब्ध उभे राहते, त्या वेळेला असा स्वतंत्र शब्द असणे ही बोलीची श्रीमंती होय."

टाळ्या पडल्या. कुणीतरी भज्यांना पाठवलंसुद्धा. सरांनी पत्र खाली केलं आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "बाई, हा आरवड कोण?"

"तुमच्याच यादीत होता, सर. आरवड, कंसात राजिवडा."

"हो का?" ते म्हणाले. "असेल, असेल. लिहिलाय म्हणजे ऐकलाच असणार. मूळ कागद आहेत ना?"

मी घरी जाऊन कागद काढले. शेवटचं पान. बारावा शब्द. मी पान दिव्याखाली धरलं. सरांचा ख म्हणजे र आणि व यांचा घटस्फोट; दोघांच्या मधून होडी जाईल. तिथं आरवड नव्हताच. तिथं होता 'आखड'. पाणी आखडलं, हातपाय आखडले, त्यातला साधासुधा आखड. मुरुडपासून पूर्णगडपर्यंत कुठल्याही दर्यावर्दी घरातली मुलगी टाइप करत असती तर तिच्या बोटांनी आपोआप ख मारला असता. मी लांज्याची. मला पाठ आखडते एवढंच ठाऊक, पाणी आखडतं हे कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, "कागद टाकून दिले, सर." तात्पुरत्या माणसाला चूक परवडत नाही, असं मी मनाला सांगितलं. शिवाय सात वर्षांनी मिळालेली फेलोशिप माझ्या एका अक्षरावर उभी होती. अक्षर काढून घेतलं तर वर्ष जाणार. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

सत्कार झालाच. शाल, नारळ आणि प्राचार्यांचं भाषण. मंडळाच्या समितीतल्या एका थोर तज्ज्ञांनी तोवर त्या शब्दावर लेखच लिहून टाकला होता. प्राचार्यांनी तो वाचून दाखवला. आरव म्हणजे आवाज. अड म्हणजे अडणे. जिथं लाटांचा आवाज अडतो ती आरवड! सभागृह गहिवरलं. मी मागच्या रांगेत बसून पदराचं टोक पिळत होते. इतकी देखणी व्युत्पत्ती खऱ्या शब्दाच्या नशिबी कधी येत नाही.

सर त्याच आठवड्यात कामाला लागले. इतर एकोणीस शब्द बाजूला राहिले. त्यांना आधी आरवड हवी होती. कंसात राजिवडा होतं, म्हणून ते रोज राजिवड्याच्या बंदरावर. तिथं एक म्हातारे तांडेल होते, होडीचे मुख्य. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मीही अधूनमधून सरांबरोबर जायचे, म्हणून तो संवाद माझ्या कानांनी ऐकलाय.

"चाचा, ओहोटी संपते, भरती लागायची असते, मधे पाणी उभं राहतं. त्याला काय म्हणता?"

"आखड. पानी आखडला का कालवावाल्या बायकांनी वर यायचा. मंग पानी थांबत नाय कुनासाठी."

"आखड ठाऊक आहे हो मला. आरवड म्हणतात का? आरवड!"

चाचांनी शब्द तोंडात घोळवला. "आरवड... आसंल. माज्या बापाला म्हायती आसंल."

आणि सर वहीत लिहायचे: आखड, राजिवडा. त्याखाली प्रश्नचिन्ह: आरवड. उत्तर रोज त्यांच्या हातात पडत होतं आणि ते रोज ते बाजूला ठेवून पुढे विचारत होते. शेजारी मी, सगळं माहीत असून पाण्याकडे बघत. शब्द कानानं ओळखणारा माणूस. अक्षरानं दगा दिला असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दोन महिन्यांत बंदरावर त्याची मस्करी सुरू झाली. सरांचे ओले बूट दिसले की खाडीत कमरेएवढ्या पाण्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायका ओरडायच्या, "आली वो सर तुमची आरवड!" चौथ्या महिन्यात त्या सर नसतानाही ओरडू लागल्या. हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग एके दिवशी सर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले.

ते मला वहिनींनी सांगितलं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं. मी त्यांच्या घरी गेले तर सर पडवीत बसले होते, पँट कोरडी. ओहोटीची वेळ असून सर घरी!

"कानात मळसुद्धा नाही म्हणाले," सर हसले, पण ते हसणं त्यांचं नव्हतं. "बाई, शब्द मी लिहिलाय. गावासकट लिहिलाय. म्हणजे मी तो कुणाच्या तरी तोंडून ऐकलाय. ते तोंड मला आठवत नाही. असं कधी झालं नव्हतं. आता वाटतं, बाकीच्या वह्यांचं काय? त्यातलंही निम्मं मीच बनवलेलं असेल तर? मंडळाला पत्र लिहितोय. मला झेपत नाही, म्हणून कळवतो."

मी उठले, रिक्षा केली, घरून कागद घेऊन परत आले आणि ते शेवटचं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाराव्या ओळीवर बोट ठेवलं.

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "आखड," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "हे कागद टाकले म्हणाला होतात."

"खोटं बोलले, सर."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"पत्र आलं त्या दिवसापासून. चार महिने."

मला वाटलं आता बोलतील, आणि बोलायलाच हवं होतं. पण सरांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. मग आवाज फुटला. ते इतके हसले, इतके हसले की चष्मा अंगणात पडला. "चार महिने! चाचा रोज मला आखड सांगतोय... आणि मी त्याला म्हणतोय, ते ठाऊक आहे हो!" वहिनी बाहेर आल्या, त्यांनी चष्मा उचलला, पुसला आणि म्हणाल्या, "कान बरे झाले वाटतं."

"कान शाबूत आहेत गं!" सर म्हणाले. "अक्षर गेलंय. ते काय, कधी नव्हतंच." मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. "मला वाटत होतं मी संपलो, बाई. हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं." एवढंच म्हणाले. त्याहून जास्त बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मंडळाला पत्र सांगितलं आणि मी टाइप केलं. आरवड असा शब्द नाही, तो टंकलेखनाचा दोष आहे, खरा शब्द आखड, क्षमस्व. मी म्हटलं, "सर, ते फेलोशिप काढून घेतील. आपण गुपचूप कोशात आखड घालू ना."

"मिळेपर्यंत थापा माराव्या लागतात, ते सगळेच मारतात," सर म्हणाले. "पण मिळाल्यावर पहिलं काम त्या निस्तरण्याचं. नाहीतर वर्षभर माणूस आपल्याच अर्जाची चाकरी करतो. दोष टंकलेखनाचा लिहिलाय, टंकलेखिकेचा नाही. तेवढं बघा नीट टाइप झालंय ना."

या खेपेला मात्र त्यांनी पत्र शब्द न् शब्द वाचून सही केली.

पत्राचं उत्तर आलं नाही, ते तज्ज्ञच आले. पांढरा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी, आणि चेहऱ्यावर लेख छापून आलेल्या माणसाची काळजी. शब्द नाही, हे त्यांना मान्यच नव्हतं. "संशोधकाला कधी कधी स्वतःच्या शोधाची भीती वाटते," ते म्हणाले. "चला, प्रत्यक्ष विचारू."

आम्ही राजिवड्याला गेलो. सर, मी, तज्ज्ञ आणि मुद्दाम आलेले प्राचार्य. ओहोटी होती. चाचा जाळं दुरुस्त करत होते. तज्ज्ञांनी फार अदबीनं विचारलं, "काय हो, ओहोटी सरून पाणी क्षणभर उभं राहतं, त्याला तुम्ही काय म्हणता?"

चाचांनी एकदा सरांकडे बघितलं. मग छाती काढून म्हणाले, "आरवड!"

"चाचा!" सर ओरडले. "खोटं कशाला बोलता? माझ्यासाठी बोलू नका. आखड म्हणा, आखड!"

"खोटा कशाला बोलू?" चाचा खरंच दुखावले. "आखड पन म्हनतो. पन आता सगली पोरी-बायका आरवडच म्हनतात. तुमीच तर शिकवलाव. आता नको बोलता?"

तेवढ्यात खाडीतून एका बाईनं दुसरीला हाक मारली, "चल गो वर, आरवड झाली!" आणि पाण्यातल्या साताठ बायका टोपल्या सावरत खरोखरच वर यायला लागल्या. तज्ज्ञांनी शबनममधून वही काढली. प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी केलेला सत्कार वसूल झाला. सर मात्र पाण्याकडे बघत उभे. पाणी उभं होतं. मग काठाला एक तरंग आला, आणि भरती लागली.

"शब्द आहे," सर शेवटी म्हणाले. "आता आहे. कोशात घ्यायला लागेल."

"मी म्हटलंच होतं!" तज्ज्ञ म्हणाले.

"पण गाव बदलायला लागेल. कंसात राजिवडा चालणार नाही. शब्द जन्मला लांज्याला."

"लांज्याला समुद्र आहे?"

"नाही," सर म्हणाले. "टायपिंगचा क्लास आहे."

सहा महिन्यांचा अहवाल गेला त्यात दोन्ही शब्द होते. आखड, कंसात राजिवडा. आरवड, कंसात लांजा, आणि पुढे व्युत्पत्ती: ख वाचताना झालेली चूक. मंडळानं कळवलं, शब्द ठेवा, गाव आणि व्युत्पत्ती गाळा, म्हणजे पुढचे सहा महिने मंजूर होतील. मी हात जोडून म्हटलं, "गाळा हो सर, एक ओळ तर आहे."

"पोर ठेवायचं आणि आईचं नाव खोडायचं?" ते म्हणाले. "नाही जमणार."

फेलोशिप थांबली. सर जानेवारीत परत तासावर आले, पँट ओली. प्राचार्य व्हरांड्यात हळहळले, "अहो, सत्कार केला होता आम्ही!" सर म्हणाले, "शाल आणून देतो. नारळाची मात्र चटणी झाली." नवं पत्र कपाटाच्या दारावर आतून चिकटलं, सात खेदांच्या खाली आठवा. कोश मग त्यांनी आपल्या गतीनं केला, अष्टमी-नवमी बघत, दहाबारा वर्षं. छापला कुणीच नाही. मी स्टेन्सिल कापल्या, कॉलेजच्या यंत्रावर प्रती काढल्या आणि चाचांच्या मुलानं त्या जाळ्याच्या दोऱ्यानं शिवून दिल्या. प्रत्येक ख मी तीन-तीनदा तपासला.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले, कायम होऊन निवृत्त झाले हे विशेष. गेल्या महिन्यात भाट्याच्या पुलापाशी तिसऱ्या घ्यायला थांबले होते. विकणारी तरुण होती, टोपली रिकामी.

"आता नायत वो," ती म्हणाली. "जरा थांबा. आरवड झाली का बायका वर येतील, मंग ताज्या देते."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. विचारलं, "हा शब्द कुठला गं?"

"आमचा खाडीवरचा. लय जुना हाय, आजीच्या आजीपासनं." तिनं मला नीट न्याहाळलं. "तुमी कुठल्या?"

"लांज्याच्या."

"मंग बरोबर," ती म्हणाली. "तुमाला कसा म्हायती असंल?"